रीसेट केलं की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच: राउटरचा डीएनएस आणि परत परत येणारा बिघाड

मिरजेला माझे काका राहतात, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा फोन आला. "अगं, ते परत सुरू झालंय बघ."

'ते' म्हणजे काय, हे फोनवर नीट कळायला वीस मिनिटं गेली. पंचांगाची एक जुनी साइट ते रोज सकाळी बघतात. तिथे जायला गेलं की कधी लॉटरीचं पान उघडायचं, कधी 'तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस आहेत'. पत्त्यात एखादं अक्षर चुकलं की हमखास जाहिरात. बँकेचं पान उघडताना मध्येच लाल इशारा यायचा, 'हे कनेक्शन खासगी नाही'. व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब मात्र ठणठणीत. त्यामुळे नेटवाल्याकडे तक्रार केली की तो यूट्यूब लावून दाखवायचा आणि म्हणायचा, "चालतंय की, काका."

त्या पोराने दोनदा येऊन राउटरच्या डब्याच्या मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट मारलं होतं. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस सगळं झकास चाललं आणि मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी त्याचं निदान ठरलं: "डबा गेला, नवीन घ्या."

डबा गेलेला नव्हता. रीसेट केल्यावर बरं होतं आणि काही दिवसांनी परत येतं, असं दिसलं की बहुतेक जण राउटरवर खापर फोडतात. पण रीसेट केल्यावर राउटरची सगळीच सेटिंग कारखान्यातून आली तशी होतात, त्यात पासवर्डही आला. म्हणजे चोराने केलेली गडबड पुसली जाते आणि दाराला तेच जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं कुलूप परत लागतं.

आधी दुखणं कुठे आहे ते ठरवा

सगळ्यात आधी फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. तिथेही जाहिराती आणि 'व्हायरस सापडला' येत असेल तर राउटरला हात लावू नका, गडबड फोनमध्ये आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात. कुठल्या तरी साइटने 'नोटिफिकेशन दाखवू का' विचारलेलं असतं आणि माणसाने घाईत 'अलाऊ' दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी असते. तिथली अनोळखी नावं काढली की व्हायरस 'बरा' होतो, कारण तो कधी नव्हताच.

मोबाइल डेटावर नीट आणि घरच्या वायफायवर बिघडलेलं असेल, तर घरातला दुसरा फोन त्याच वायफायवर बघा. इथे काकांच्या घरी एक गंमत झाली. काकू ठामपणे सांगत होत्या, "माझ्या फोनवर काही होत नाही, हेच काहीतरी दाबतात." एकाच वायफायवर एक फोन बिघडलेला आणि एक चांगला, म्हटल्यावर मीही आधी काकांच्या फोनवरच संशय घेतला. तो चुकीचा होता, का ते पुढे सांगते.

आणि लाल इशारा आला की घड्याळ बघा. फोनची किंवा लॅपटॉपची तारीख चुकलेली असली तरी तोच इशारा येतो. जुन्या लॅपटॉपची आतली बटणासारखी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि एकजात सगळ्या साइट 'असुरक्षित' दिसायला लागतात. काकांच्या लॅपटॉपची तारीख बरोबर होती.

बंद-चालू करण्याआधी पाच मिनिटं थांबा

नेट बिघडलं की हात आपोआप बटणाकडे जातो. पण घरगुती राउटरची आतली नोंदवही, म्हणजे लॉग, बहुतेक वेळा तात्पुरत्या मेमरीत असते. वीज काढली की ती कोरी. कोण आलं, कधी आलं याचा एकुलता एक पुरावा आपणच पुसून टाकतो. म्हणून मी काकांना फोनवर सांगितलं, "शनिवारी मी येते, तोपर्यंत त्याला हात लावू नका, बँकेचं काही करायचं तर मोबाइल डेटावर करा." आणि एवढं लिहून ठेवायला सांगितलं:

डब्यावरचे दिवे. 'लॉस' असं लिहिलेल्या दिव्याचा लाल रंग लुकलुकत असेल तर बाहेरून येणारी फायबरची तार तुटली आहे किंवा वाकली आहे. मग सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलं तरी उपयोग नाही, लाइनमनला फोन करा. काकांकडे लाल दिवा नव्हता.

फोनमधली वायफायची माहिती. वायफायच्या नावावर किंवा शेजारच्या चाकावर टिचकी मारली की आयपी पत्ता, गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा, त्याच्याबद्दल पुढे) असे तीन आकडे दिसतात. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग', मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि 'ऑल' असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की तेच दिसतं. हे तीन आकडे वाचता आले की घरातल्या नेटचं बरंचसं कोडं सुटतं.

आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तुमच्या यंत्राला राउटरने पत्ता दिलेलाच नाही, त्याने स्वतःच एक काढून घेतलाय. म्हणजे घोटाळा फोन आणि राउटर यांच्यामध्येच आहे, बाहेरच्या लाइनवर चिडून काही होणार नाही. पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर तिथपर्यंत ठीक.

गेटवे म्हणजे तुमचा राउटर, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' लिहून पुढे हा आकडा टाका. उत्तर आलं तर घरातली वाट मोकळी. मग 'पिंग ८.८.८.८' करून बघा. हा गूगलचा डीएनएस सर्व्हर, २००९ पासून चालू आहे. इथून उत्तर आलं तर बाहेरची वाटही मोकळी. दोन्हीकडून उत्तर येतंय आणि तरी साइटचं नाव टाकल्यावर पान उघडत नाही किंवा भलतंच उघडतं, तर घोळ नावाचा पत्ता सांगणाऱ्यात आहे.

तो पत्ता सांगणारा

आपण साइटचं नाव टाइप करतो, पण यंत्रांना आकडे लागतात. नाव दिलं की आकडा सांगणारी जी व्यवस्था आहे ती डीएनएस. तुमचा फोन प्रत्येक नावासाठी कुणाला तरी विचारतो, आणि कुणाला विचारायचं हे त्याला राउटर सांगतो. राउटरमधला तो एक आकडा कुणी बदलला, की घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, लॅपटॉप त्या परक्या माणसालाच रस्ता विचारायला लागतो. फोनमध्ये व्हायरस नाही, साइट हॅक झालेली नाही, तरीही तुम्ही भलत्या दारात उभे.

हे काकांना समजावलं तर ते दोन सेकंद गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे सॉर्टिंगला बसलेला माणूसच फितूर झालाय म्हण की! टपाल चांगलं, पोस्टमन चांगला, पिशवीच चुकीच्या गाडीत." याहून बरं मला सांगता आलं नसतं.

असा फितूर फार हुशारीने वागतो. शंभरातली बहुतेक टपालं तो बरोबर टाकतो, कारण सगळंच बिघडवलं तर तुम्ही लगेच तक्रार कराल. यूट्यूब चालतं ते म्हणूनच. 'डीएनएसचेंजर' नावाच्या प्रकरणात अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये टोळी पकडली तेव्हा जगभरात सुमारे ४० लाख संगणक असे फितवलेले होते. ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर त्या सगळ्यांचं नेटच गेलं असतं, म्हणून त्यांच्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. कारण नेट 'चालत' होतं, मग शंका कोण घेणार?

बँकेचं पान मात्र तो पूर्ण फसवू शकत नाही. बँकेच्या साइटला तिची ओळख सिद्ध करावी लागते, आणि खोट्या सर्व्हरकडे तो दाखला नसतो, म्हणून ब्राउझर लाल इशारा देतो. पंचांगाची जुनी साइट अजून साध्या, कुलूप नसलेल्या पद्धतीने चालते, तिथे इशारा येण्याचा प्रश्नच नाही, सरळ लॉटरी. तेव्हा तो लाल इशारा हा बिघाड नाही, तो तुमचा राखणदार ओरडतोय. 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून 'तरीही पुढे जा' करायची सवय असेल तर ती आजच सोडा. काकांनी एकदाच दाबलं होतं म्हणे. बँकेने तिथेही पुढे जाऊ दिलं नाही, कारण बऱ्याच बँकांच्या साइट आता ती पळवाटच ठेवत नाहीत. थोडक्यात निभावलं.

शनिवारी काय सापडलं

काकांच्या फोनवर डीएनएसच्या जागी दोन आकडे होते. दुसरा ८.८.८.८, ओळखीचा. पहिला परका, नेट देणाऱ्या कंपनीचाही नाही. मोबाइल डेटावर तो आकडा कुणाच्या नावावर आहे ते शोधलं तर कुठल्याशा परदेशी भाड्याच्या सर्व्हरचा निघाला. मिरजेतल्या घराने पंचांगाचा पत्ता तिथे विचारायचं काही कारण नव्हतं.

ही पद्धतही ठरलेली आहे. कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीच्या लोकांनी डिसेंबर २०१६ मध्ये 'स्विचर' नावाचं एक अँड्रॉइडवरचं कीड, म्हणजे घातक प्रोग्राम, दाखवलं होतं. ते फोनमधून घरच्या राउटरच्या पानावर जाऊन ठरलेले पासवर्ड लावून बघायचं, आणि आत शिरलं की पहिला डीएनएस स्वतःचा आणि दुसरा ८.८.८.८ टाकायचं. आपला सर्व्हर बंद पडला तरी घरच्यांचं नेट चालू राहावं, बोंब होऊ नये, एवढ्यासाठी. 

काकूंचा फोन का वाचला होता? माझ्या चुलतभावाने दिवाळीत त्यांच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' मध्ये 'डीएनएस डॉट गूगल' असं नाव टाकून ठेवलं होतं. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. नाव टाकलेलं असलं की फोन राउटरचं ऐकतच नाही, थेट आणि कुलूपबंद रस्त्याने गूगललाच विचारतो. काकूंनी विजयी मुद्रेने काकांकडे बघितलं, ते मी मुद्दाम नोंदवते आहे.

एक सावधानता. तुमच्या फोनवर डीएनएसच्या जागी राउटरचाच आकडा, १९२.१६८.१.१, दिसला तर 'आपलं ठीक आहे' म्हणून सुटका करून घेऊ नका. त्याचा अर्थ फोन राउटरला विचारतो आणि राउटर पुढे कुणाला तरी. तो 'कुणीतरी' राउटरच्या आत लिहिलेला असतो. राउटरच्या पानावर दोन जागा बघायच्या: एक 'वॅन' (बाहेरची बाजू) किंवा 'इंटरनेट' खाली, दुसरी 'लॅन' (घरातली बाजू) मध्ये 'डीएचसीपी' खाली, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटले जातात तिथे. काकांकडे दुसऱ्या जागी गडबड होती, पहिली स्वच्छ होती. नेटवाल्या पोराने पहिलीच बघितली असावी, तीही बघितली असेल तर.

मग पासवर्ड. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्ड 'अ‍ॅडमिन', आणि मी आत. काका म्हणाले, "वायफायचा पासवर्ड तर मी फार अवघड ठेवलाय!" हा घोटाळा घराघरात आहे. वायफायचा पासवर्ड म्हणजे घरात यायची किल्ली, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड म्हणजे मीटरच्या पेटीची. पहिला सगळे बदलतात, दुसऱ्याचं अस्तित्वच माहीत नसतं.

२०१६ सालच्या 'मिराई' नावाच्या किडीने जगाला हेच शिकवलं होतं. साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या एवढंच त्याचं भांडवल, आणि तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे आणि राउटर फितवले. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अशा साइट काही तास बंद पडल्या. मिराई फक्त मेमरीत राहायचं. यंत्र बंद-चालू केलं की जायचं, आणि पासवर्ड तोच असला की काही मिनिटांत परत यायचं. टाचणीचा रीसेट आणि काकांचे आठ दिवस, यातही तीच गोष्ट.

पण आत शिरतंय कोण?

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पासवर्ड बदलला की काम झालं. पण आठ-दहा दिवसांची पाळी मला खुपत होती. राउटरचा बाहेरचा पत्ता बघितला तर तो १०० ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते नेट देणाऱ्या कंपन्या आपसात वापरतात. अनेक घरं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात, आणि जगातल्या कुणालाही थेट तुमच्या डब्याचं दार ठोठावता येत नाही. त्याच कंपनीच्या जाळ्यातला शेजारी कदाचित ठोठावू शकतो. पण 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून राउटरचं पान उघडू देणारी सोय, बंदच होतं. म्हणजे संशय घरातल्यांवर.

राउटरची नोंदवही उघडली. सगळ्या नोंदींवर तारखा जानेवारी १९७० च्या! घाबरू नका, राउटरला खरी वेळ कुठून घ्यायची ते सांगितलेलं नसलं की तो शून्यापासून मोजतो, आणि संगणकांचा शून्य १ जानेवारी १९७० ला आहे. तारखा निरुपयोगी, पण क्रम तर होता. 'लॉगिन यशस्वी' ची एक नोंद, पत्ता १९२.१६८.१.७, आणि लगेच खाली 'डीएचसीपी सेटिंग बदललं'. काकांनी तीन दिवस डब्याला हात लावला नव्हता म्हणून ही ओळ उरली होती.

आता सात नंबर कोण? राउटरच्या यादीत नुसतं 'अँड्रॉइड' आणि पुढे आकडे-अक्षरांची शेपटी. घरात अँड्रॉइडचे तीन फोन. एकेकाचा पत्ता बघितला: चार, पाच, नऊ. काका, काकू, मी. सात नंबर कुणाच्याच हातात नव्हता. मग काकूंनी टीव्हीवर मालिका लावली आणि यादीतला सात जागा झाला.

टीव्हीच्या मागे दुहेरी चिकटपट्टीने लावलेला काळा चपटा डबा. साध्या टीव्हीचा स्मार्ट टीव्ही करणारा, ऑनलाइन स्वस्तात मिळालेला. कंपनीचं नाव शोधलं तर कुठेच नव्हतं, फक्त '४के'. अशा बेनामी टीव्ही बॉक्समध्ये कारखान्यातूनच कीड येऊ शकते. 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या किडीबद्दल एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला तो अशाच यंत्रांबद्दल होता. काकांचा डबा त्यातलाच होता की नंतर कुणी त्यात फुकट चॅनेलचं अ‍ॅप भरताना कीड आलं, हे मला सांगता येणार नाही. अ‍ॅप भरलेलं होतं, एवढं काकांनी कबूल केलं.

दुरुस्ती, या क्रमाने

क्रम महत्त्वाचा. नेटवाल्याने केलं ते सगळं बरोबर होतं, फक्त रीसेटनंतर त्याने डबा तसाच सोडला होता, आणि सात नंबर पलीकडच्या खोलीत वाट बघत होता.

आधी संशयित यंत्राची पिन काढा. घरातल्या बाकी सगळ्यांचं वायफाय बंद. लॅपटॉप राउटरला तारेने जोडा.

रीसेट करण्यापूर्वी राउटरच्या 'वॅन' पानाचा फोटो काढा. ही ओळ दोनदा वाचा. फायबरच्या डब्यात कंपनीचं युजरनेम, पासवर्ड आणि 'व्हीलॅन' चा आकडा भरलेला असतो. रीसेटमध्ये तो उडाला की नेट बंद आणि तुम्ही लाइनमनची वाट बघत. पासवर्ड तिथे ठिपक्यांत दिसतो, तेव्हा तो कंपनीकडून आधीच विचारून ठेवा. रविवारी रीसेट करू नका, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

मग बाहेरची तार काढून रीसेट. बटण दहा सेकंद दाबून धरायचं, सगळे दिवे एकदम लागेपर्यंत. डबा परत उठला की तार लावण्याच्या आधीच अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. लांब ठेवा. चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून मध्ये एक आकडा घातला की पुरे, उगाच डॉलर आणि टक्क्याची चिन्हं कोंबून विसरू नका. पासवर्ड कागदावर लिहू नये असं सांगतात, ते मला घरच्या राउटरच्या बाबतीत पटत नाही. परदेशातला चोर मिरजेत येऊन काकांची डायरी चाळणार नाही. लिहा, तारीख घाला, आणि डायरी कपाटात ठेवा.

त्याच बैठकीत 'रिमोट मॅनेजमेंट' बंद आहे ना ते बघा. 'डब्ल्यूपीएस', म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्यातला आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे कोट्यवधी प्रयत्नांऐवजी जेमतेम ११,००० मध्ये तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं आहे. वायफायची सुरक्षा 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' ठेवा, वायफायचा पासवर्डही नवा. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट असेल तर घ्या. काही डब्यांत ते फक्त कंपनीच पाठवते, मग त्यांना विचारा. वेळेचं सेटिंग भारताचं करा, म्हणजे पुढच्या वेळी नोंदवही १९७० सालात जाणार नाही.

डीएनएस हाताने भरा: १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा, ९.९.९.९ क्वाड९ चा, ८.८.८.८ गूगलचा, यांतले कुठलेही दोन. क्वाड९ हा ओळखीच्या फसव्या साइटची नावं देतच नाही, म्हणून काकांकडे मी तो पहिला ठेवला. डीएनएसच्या त्या दोन्ही जागा बघा.

टीव्ही, कॅमेरा, वायफायचा प्लग असली मंडळी 'गेस्ट नेटवर्क' वर टाका. पाहुण्याला ओसरी, माजघर नाही. गेस्टवरून राउटरचं पान सहसा उघडत नाही, पण एकदा फोन त्यावर जोडून १९२.१६८.१.१ उघडतं का ते बघून खात्री करा.

शेवटी एकेक यंत्र परत जोडा. फोनचं वायफाय विसरून नव्याने जोडायचं, म्हणजे तो जुना डीएनएस सोडतो. लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग' च्या पुढे तिरकी रेघ आणि 'फ्लशडीएनएस'. काकांच्या टीव्ही बॉक्सला मी मुद्दाम एक रात्र गेस्टऐवजी नेहमीच्या वायफायवर ठेवला. सकाळी नोंदवहीत 'लॉगिन अयशस्वी, १९२.१६८.१.७' च्या ओळीच ओळी, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. खात्री पटली. तुम्ही हा प्रयोग करायची गरज नाही.

लक्षणं जुळत नसतील तर

भलती पानं येत नाहीत, पण 'कधी एका फोनला नेट, कधी दुसऱ्याला, बंद-चालू केलं की ठीक' असं असेल तर घरात दुसरा राउटर आहे का बघा. वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून जुना राउटर जोडलेला असतो, दोघांचाही आकडा १९२.१६८.१.१ आणि दोघंही पत्ते वाटत बसलेले. एका वाड्यात दोन पाटील. दुसऱ्याचा आकडा १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि तार त्याच्या 'वॅन' ऐवजी 'लॅन' च्या भोकात घाला. संपलं.

रोज संध्याकाळी ठरावीक वेळी डबा आपोआप बंद-चालू होत असेल तर सेटिंगच्या आधी अडॅप्टर बदलून बघा, व्होल्टचा आकडा मात्र डब्यावर लिहिलाय तोच.

आणि लाल इशारा ओलांडून कुठे पासवर्ड किंवा ओटीपी टाकला गेला असेल तर राउटर नंतर. आधी मोबाइल डेटावरून बँकेचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जायची शक्यता जास्त, तेव्हा 'उद्या मुलाला विचारतो' नको.

टीव्ही बॉक्स आता माळ्यावर आहे. काकांनी तो शेजारच्यांना द्यायचं काढलं होतं, ते मी रोखलं.

जूनमध्ये वीज कडाडली आणि राउटर खरोखरच गेला. नेटवाल्या पोराने नवा बसवला, यूट्यूब लावून दाखवला आणि गेला. संध्याकाळी काकांचा फोन. "नवीन डब्याच्या खाली स्टिकर आहे. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिनच लिहिलंय गं." मी सुरुवात कुठून करायची ते सांगायला लागले, तर म्हणाले, "ते झालं. जुना खोडला, नवा लिहिला, तारीख घातली. मी त्यासाठी फोन नाही केला. या गेस्टचं नाव काय ठेवू?"